पीव्हीसी कॅनिस्टर फिल्टरची गळती: प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

माशांच्या टाकीचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरखालचा ट्रे आज सकाळी ओला होता. चांगलं वाटीभर पाणी साचलं होतं. बुडाजवळ पांढरट रेघ बरेच दिवस दिसत होती, तिचा अर्थ आता स्पष्ट झाला. पाणी सावकाश झिरपून जागच्या जागी वाळतं तेव्हा त्यातले क्षार मागे राहतात. ट्रेमध्ये थेंब पडायच्या खूप आधी ही रेघ दिसायला लागते.

हा फिल्टर माझ्या मैत्रिणीने बनवलेला. १६० मिमी पीव्हीसी पाइपचा ६० सेंमी उंच तुकडा, खाली सोल्व्हंटने चिकटवलेली एंड कॅप, वर फ्लँज (बाहेर आलेली रुंद सपाट कड) आणि त्यावर सहा बोल्टनी आवळलेलं ८ मिमी ॲक्रिलिकचं झाकण. टाकीतलं पाणी बुडाजवळ, पाइपच्या बाजूला बसवलेल्या टँक निपलमधून (भोकात नटने आवळायचा नळीचा जोड) आत येतं, स्पंज आणि सिरॅमिक रिंगांमधून वर चढतं. झाकणाखाली टांगलेला छोटा सबमर्सिबल पंप ते ओढतो आणि वरच्या एल्बोतून (काटकोनी जोडातून) टाकीत परत पाठवतो. तिने मोठी टाकी बंद केली तेव्हा फिल्टर मला दिला. पाणी इतकं स्वच्छ ठेवणारा फिल्टर मी दुसरा वापरलेला नाही, त्यामुळे तो बदलण्याचा विचारही नाही. नीट दुरुस्त करायचा.

पाना हातात घेण्याआधी आतल्या जिवाणूंची सोय करावी लागते. अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोस्पायरा हे स्पंजवर आणि रिंगांवर चिकटून असतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. बंद पडलेल्या कॅनिस्टरमधलं पाणी हलत नाही, त्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. म्हणून सगळं माध्यम, म्हणजे स्पंज आणि रिंगा, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत काढलं आणि तळाशी एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडला. नळाच्या पाण्याचा हातही लावला नाही, क्लोरीनने जिवाणू मेले असते. टाकीत हवेवर चालणारा एक स्पंज फिल्टर आहेच, तोवर तो भार घेईल. माशांचं खाणं निम्म्यावर आणलं.

३ नोव्हेंबर

मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, “अगं, त्या खालच्या निपलला मी बाहेरून सिलिकॉन लावलंय, ते काढू नकोस. तेच पाणी अडवतंय.”

मी म्हटलं, “आधी बघते, मग सांगते तुला.”

४ नोव्हेंबर

पाणी कुठून येतं ते शोधायचं. जिथे ओल दिसते तिथेच भोक असेल असं धरून चाललं की दुरुस्ती हमखास चुकीच्या जागी होते. वरून निघालेलं पाणी पाइपच्या अंगाने उतरतं, निपलच्या नटवर अडतं आणि तिथून टपकतं. बघणाऱ्याला वाटतं निपलच गळतोय.

फिल्टर तात्पुरता रिकामाच जोडला, पाण्याने भरला, बाहेरून कोरड्या फडक्याने पुसला आणि प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळून टेपने चिकटवली: खालचा निपल, एंड कॅपचा सांधा, फ्लँजची कडा, झाकणातला केबलचा ग्लँड (केबलभोवती आवळायचं रबरी बूच), वरचा एल्बो, दोन्ही नळ्यांची टोकं. टिश्यू ओला झाला की लगेच गडद दिसतो, आणि वरच्या जोडाचं पाणी खालच्या पट्टीपर्यंत पोचायच्या आत वरची पट्टी भिजते. आधी पंप बंद ठेवून पाहिलं, मग चालू करून.

हवेतली वाफ गार पृष्ठभागावर जमून थेंब होतात तसं काही नसेल ना, हे आधी पडताळलं. टाकीचं पाणी हीटरवर आहे, खोलीपेक्षा थोडं गरमच. गरम पाइपवर दव जमत नाही. तो संशय मिटला.

पंप बंद असताना खालच्या निपलची पट्टी सगळ्यात आधी भिजली. त्यानंतर फ्लँजची, पण सगळीकडे नाही: दोन बोल्टांच्या बरोबर मधे, दोन ठिकाणी. मग केबलचा ग्लँड, अगदी सावकाश. एल्बो कोरडा. पंप चालू केल्यावर फ्लँजचं भिजणं मंदावलं आणि एल्बोखाली मात्र मिनिटाभरात थेंब धरला.

या फरकात बरंच काही कळतं. पंप बंद असला की प्रत्येक जोडावर फक्त वरच्या पाण्याच्या उंचीचा दाब असतो. टाकीतली पाण्याची पातळी जमिनीपासून १.३ मीटरवर आहे. १ मीटर पाण्याला सुमारे ९.८ किलोपास्कल, म्हणजे फिल्टरच्या तळाशी साधारण १२.७ आणि झाकणापाशी ६.९. पंप चालू झाला की तो कॅनिस्टरमधून ओढतो, येणाऱ्या नळीत आणि स्पंजमध्ये दाब खर्च होतो, त्यामुळे झाकणाखालचा दाब उतरतो. पंपाच्या पुढच्या नळीत उलट, दाब चढतो. म्हणजे पंप बंद असताना जास्त गळतं ते कॅनिस्टरचं अंग, आणि फक्त चालू असताना गळतं ते पंपानंतरचं काहीतरी. (पंप कॅनिस्टरच्या आधी बसवून पाणी आत ढकलणाऱ्या रचनेत हे सगळं उलटं होतं, आणि तिथे स्पंज तुंबला की झाकणावरचा दाब वाढत जातो. म्हणून ओढणारी रचनाच मला पटते.)

एकूण चार गळत्या, चार वेगळी कारणं. एकच ट्यूब घेऊन सगळीकडे फासण्यात अर्थ नाही.

५ नोव्हेंबर

पंपाचा प्लग काढून मगच हात घातला. खालच्या निपलभोवतालचं सिलिकॉन एका कडेने उचललं आणि ते सापाच्या कातीसारखं अख्खं सुटून आलं. त्याखालचं पीव्हीसी गुळगुळीत आणि ओलं. सिलिकॉन काचेला घट्ट धरतं, काचेच्या टाक्या त्याच्याच जोरावर उभ्या असतात. पीव्हीसीला आणि ॲक्रिलिकला त्याची पकड कमजोर. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीनच्या डब्यांना तर जवळजवळ नाहीच. त्यात हा थर बाहेरून लावलेला. आतलं पाणी त्याला भिंतीपासून दूर ढकलत राहतं. चिकट थर आतून लावला तर तोच दाब त्याला भिंतीवर दाबून धरतो. वर आणखी सिलिकॉन चढवणंही फुकट, कारण वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धरत नाही.

खरं कारण सिलिकॉनखाली होतं. टँक निपलची फ्लँज आणि तिचा रबरी वॉशर सपाट असतो, आणि १६० मिमी पाइपची भिंत गोल. सपाट वॉशर गोल भिंतीवर दोन बाजूंना दाबला जातो आणि उरलेल्या दोन बाजूंना उचललेला राहतो. नट कितीही आवळा, वॉशर एका ठिकाणी चेचला जातो आणि दुसरीकडे फट तशीच. मऊ, जाड वॉशरने नवा असताना ही फट भरून काढली होती. रबर कायमचं दबून कडक झालं तशी ती पुन्हा उघडली. मैत्रिणीचं काम सफाईचं आहे, भोकाची कडा कानशीने छान घासलेली, वॉशर पाण्याच्या बाजूला. जागाच निपलची नव्हती.

ठरलं: भिंतीतलं भोक कायमचं बंद करायचं आणि पाणी झाकणातूनच आत आणायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला निपलला २५ मिमीचा पाइप जोडून तो बुडापर्यंत न्यायचा. पाणी आधीसारखंच तळाशी सुटेल आणि वर चढेल. स्पंजच्या चकत्यांना पाइपापुरतं भोक पाडावं लागेल, तेवढी जागा जाते, ती जाऊ दे.

६ नोव्हेंबर

भोकाचं ठिगळ. १६० मिमीच्या कपलिंगमधून (दोन पाइप जोडायच्या तुकड्यातून) चौकोनी तुकडा कापला, बाजू १० सेंमी. पाइपचे तुकडे इथे चालत नाहीत. त्याच मापाच्या पाइपचा तुकडा आतून लावला तर त्याची गोलाई भिंतीच्या आतल्या गोलाईशी जुळत नाही, मधे पोकळी राहते. कपलिंग मात्र पाइपच्या बाहेर बसण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे तिची आतली बाजू या भिंतीवर नेमकी बसते.

म्हणजे ठिगळ बाहेरून लागणार. वर लिहिलं त्याच्याशी हे विसंगत वाटेल, पण सोल्व्हंट सिमेंट आणि सिलिकॉन यांचं काम वेगळं आहे. सोल्व्हंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून एकच प्लास्टिक होतं. सोलून निघेल असा थरच उरत नाही. भोक ४० मिमीचं आहे, त्यावर पाण्याचा जोर दीड किलोच्या आसपास. भोक वगळून उरलेला ८७ चौरस सेंमीचा चिकटलेला भाग तो सहज पेलतो.

दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून चमक घालवली, प्रायमरने पुसलं, दोन्हीकडे सिमेंट लावलं आणि ओलं असतानाच दाबून थोडं सरकवून बसवलं. दोन पट्ट्यांनी करकचून बांधून ठेवलं. खिडक्या उघड्या, वास डोक्यात जातो. चोवीस तास पाण्याला शिवायचं नाही.

८ नोव्हेंबर

आज पूर्ण वेळ झाकणावर, आणि या कामात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथेच होतं.

कोरड्या फ्लँजवर गॅस्केटच्या (फ्लँज आणि झाकण यांच्यामधल्या रबराच्या) आणि झाकणाच्या मधे कागदाच्या बारीक पट्ट्या ठेवून बोल्ट आवळले आणि एकेक पट्टी ओढून पाहिली. बोल्टांजवळच्या पट्ट्या फाटल्या पण निघाल्या नाहीत. मधल्या दोन अलगद हातात आल्या. टिश्यूने दाखवलेल्याच जागा. ॲक्रिलिक बोल्टांपाशी दबतं आणि मधे कमानीसारखं उचललं जातं. गळतं म्हणून बोल्ट आणखी आवळावे, तर कमान आणखी वाढते. ॲक्रिलिक तडकायची भीती वेगळीच.

पाण्याचा झाकणावरचा जोर काढून पाहिला. आतला व्यास सुमारे १५ सेंमी, क्षेत्रफळ १७७ चौरस सेंमी, दाब ६.९ किलोपास्कल. साधारण १२ किलोचा भार येतो. सहा बोल्टांत वाटला तर प्रत्येकाला दोन किलो. एम६ बोल्टला हे काहीच नाही. तेव्हा झाकण पाण्यामुळे उचललं जात नव्हतं, रुंद गॅस्केट दाबताना वाकत होतं.

जुनं गॅस्केट फ्लँजच्या पूर्ण रुंदीचं, जवळजवळ २५ मिमी, बोल्टांची भोकं पाडलेलं. रबर दाबलं की त्याचं आकारमान कमी होत नाही, ते बाजूला पसरतं. पट्टी जितकी रुंद तितकी पसरायला जागा कमी आणि दाबायला जोर जास्त. नवं गॅस्केट म्हणून ३ मिमी ईपीडीएम रबराच्या शीटमधून १० मिमी रुंदीचं कडं कापलं, बोल्टांच्या वर्तुळाच्या आत बसणारं. कमी जोरात सगळीकडे सारखं दबतं. पाणी बोल्टांच्या भोकांपर्यंत पोचतच नाही, हा आणखी एक फायदा.

झाकण १२ मिमी कडक पीव्हीसी शीटचं केलं. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, ८ वरून १२ मिमीवर गेलं की जवळपास ३.४ पट. ॲक्रिलिकमधून आत दिसायचं, स्पंज किती काळवंडला ते न उघडता कळायचं. ते गेलं याचं वाईट वाटतं.

बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. गॅस्केट ३ मिमीवरून सव्वादोन मिमीच्या आसपास आलं की थांबायचं, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) सहाही ठिकाणी मोजलं. कडांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. पेट्रोलियम जेली ईपीडीएमला चालत नाही, रबर फुगतं.

पट्ट्या पुन्हा ठेवून पाहिल्या. एकही निघाली नाही.

९ नोव्हेंबर

एल्बो. काढल्यावर आतल्या आट्यांच्या बाजूला लांबीत गेलेली केसाएवढी चीर दिसली. टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली होती. निमुळत्या आट्यांवर टेप जितकी जाड तितकी पाचर मोठी, आणि प्लास्टिकचा बाहेरचा सॉकेट त्या पाचरीने आतून फाकतो. चीर लगेच पडत नाही, काही महिन्यांनी पडते. शिवाय परतीची नळी कडक होऊन एल्बोला एका बाजूला ओढत होती. नवा एल्बो, टेपचे तीन वेढे, आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे फिरवताना टेप उलगडत नाही. हाताने घट्ट, मग पान्याने एक फेराही पुरा नाही. नळी नवी घेतली, टोक गरम पाण्यात मऊ करून होज निपलवर चढवलं, स्टीलची क्लिप लावली आणि नळीचं वजन स्टँडच्या पायाला बांधून टाकलं.

झाकणातले दोन्ही टँक निपल बसवले. सपाट पृष्ठभागावर हे काम किती सोपं आहे! वॉशर एकच, पाण्याच्या म्हणजे फ्लँजच्या बाजूला. नटच्या बाजूला घातला तर आवळताना पिळवटतो. सिलिकॉन अजिबात नाही, ओलं सिलिकॉन वॉशरला घसरवून बाहेर ढकलतं. बुडाकडे जाणारा २५ मिमीचा पाइप आतून नुसता दाबून बसवला. तो जोड थोडा सैल असला तरी घरात थेंब येणार नाही, फक्त थोडं पाणी स्पंज टाळून सरळ पंपाकडे जाईल. म्हणून टेपचा एक वेढा दिला.

११ नोव्हेंबर

केबलच्या ग्लँडचं कारण बघताक्षणी कळलं. पंपाची केबल चपटी, ग्लँडचं रबर गोल भोकाचं. दोन्ही कडांना बारीक बोगदे राहतात. रबरी बुचाला केबलच्या आकाराची चीर पाडली, एका बाजूने कडेपर्यंत कापलं म्हणजे केबल न तोडता आत सरकवता येते, आणि नायलॉनच्या ग्लँडमध्ये घालून आवळलं. आवळल्यावर काप मिटतो. पितळी ग्लँड मजबूत असतो पण पितळेत तांबं असतं आणि टाकीत झिंगे आहेत.

केबलचं आवरण पूर्ण लांबीभर बोटाने तपासलं. कुठेही चीर असती तर पंपच बदलला असता. पाणी आवरणाच्या आतून तारांच्या कडेने प्लगपर्यंत पोचू शकतं, आणि तिथे दुरुस्ती नावाचा प्रकार नको. केबल सॉकेटच्या खाली झोळ देऊन बांधली, म्हणजे ओघळ आलाच तर झोळातून टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. सॉकेट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) आहे. तो बटण दाबून तपासला.

१२ नोव्हेंबर

चाचणी. फिल्टर टाकीला न जोडता पूर्ण पाण्याने भरला, तिरका करकरून हवा काढली, एक निपल बंद केला आणि दुसऱ्यावर ८ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी जमिनीपासून २ मीटर उंचीपर्यंत उभी नेली. तळाशी नेहमीच्या दाबाच्या दीडपट. या नळीचं छेदक्षेत्र अर्धा चौरस सेंमी, म्हणजे १ मिली पाणी कमी झालं की पातळी २ सेंमी उतरते. एक थेंब गेला तर साधारण १ मिमी. जी गळती टिश्यूवर दिसायला तास लागेल ती इथे लगेच वाचता येते.

दबावाची हवा भरून साबणाच्या पाण्याने फुगे बघायची पद्धत या पाइपावर वापरायची नाही. दाबलेल्या हवेत खूप ऊर्जा साठते आणि पीव्हीसी फुटलं तर त्याचे तुकडे उडतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं तर नुसतं सांडतं.

पहिल्या तासात पातळी उतरली. गॅस्केट बसतं, नळी किंचित ताणते, राहिलेले बुडबुडे सुटतात. पुन्हा वरपर्यंत भरून खूण केली. तापमानही खेळ करतं: आत १० लिटरहून जास्त पाणी आहे, खोली एखाद्या अंशाने तापली तरी या बारीक नळीत ते दिसतं. म्हणून रात्रभर खोलीतच ठेवलेलं पाणी वापरलं आणि खुणा सकाळच्या त्याच वेळेला ताडायच्या ठरवल्या. नळीच्या तोंडावर सैल टोपी, बाष्पीभवन नको.

१४ नोव्हेंबर

पातळी खुणेवर. टिश्यूच्या पट्ट्या कोरड्या. ठिगळाच्या कडेला बोट फिरवलं, कोरडं.

१५ नोव्हेंबर

फिल्टर आतून धुतला, पाणी दोनदा बदललं, सोल्व्हंटचा वास राहिलेला नाही. माध्यम बादलीतून परत घातलं आणि टाकीला जोडला.

जोडताना एक गोष्ट वाढवली. पाणी खाली आणणारा पाइप टाकीच्या काठावरून येतो, तो सायफन आहे. नळी कुठेही निसटली तर जाळीच्या तोंडापर्यंत टाकी रिकामी होईल. पाण्याच्या पृष्ठभागाखाली ३ सेंमीवर या पाइपाला बारीक भोक पाडलं. पातळी तिथे आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. माझी टाकी १०० बाय ४० सेंमीची, म्हणजे जास्तीत जास्त १२ लिटर सांडतील, जवळजवळ १८० नाहीत. परतीच्या पाइपाचं तोंडही पृष्ठभागालगत आणलं, तोही उलटा सायफन होऊ शकतो. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी मात्र आता वेळच्या वेळी भरावं लागेल, नाहीतर त्या भोकातून पंप हवा ओढेल.

अमोनिया तपासला: शून्य. नायट्राइट शून्य. खाणं हळूहळू पूर्ववत करते. पीएच जास्त असताना आणि पाणी उबदार असताना अमोनियाचा विषारी भाग वाढतो, आमच्या टाकीत दोन्ही आहे, म्हणून रोज तपासणार.

२३ नोव्हेंबर

नट आणि बोल्ट पुन्हा हाताने पाहिले. एका निपलचा नट किंचित सैल, पाव फेरा. मैत्रीण येऊन बघून गेली. ठिगळावर हात फिरवत म्हणाली, “निपल झाकणात घ्यायचं मला सुचायला हवं होतं गं.” तिला दुसऱ्या टाकीसाठी असाच एक हवा आहे. झाकणाची भोकं आखायचा माझा पुठ्ठ्याचा साचा ती घेऊन गेली.

१४ डिसेंबर

पहिली सफाई. झाकण उघडलं, गॅस्केट अजून मऊ, कडेला पांढरी रेघ नाही. त्याच शीटमधून दुसरं कडं कापून पिशवीत घालून फिल्टरच्या मागे टांगलं. पुढच्या उघडणीला जुन्याची जाडी व्हर्नियरने मोजायची, अडीच मिमीच्या वर परत येत नसेल तर नवं बसवायचं.